टाकून, ठेवून, सोडून

ठकूचा धंदा दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्याचा. परदेशी मालिका मराठीत यायच्या, त्यांचे संवाद ती लिहून द्यायची. नुसता अर्थ उतरवून तिथे भागत नाही. पडद्यावरच्या बाईचे ओठ जिथे मिटतात, तिथे मराठी शब्दानेही ओठ मिटावे लागतात. नाहीतर बघणाऱ्याला वाटतं, बाई चघळतेय एक आणि बोलतेय भलतंच.

ठकू हे घरचं नाव. स्टुडिओत तिला सगळे मॅडम म्हणत. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, बोलायला कमी. लिहिताना मात्र दहा जणांची भांडणं एकटीने भांडायची.

त्या महिन्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलची मालिका चालू होती. हॉटेलची मालकीण खडूस. एका प्रसंगात ती मोलकरणीला कामावरून काढते आणि एकच शब्द बोलते, 'लीव्ह'. कॅमेरा थेट तिच्या तोंडावर, लपायला जागा नाही.

मालकिणीला आवाज देणारी नटी काचेपलीकडे हेडफोन लावून उभी होती. ती म्हणाली, "निघ!"

"नाही बसत," साउंडवाला म्हणाला. "शेवटी तिचे दात खालच्या ओठावर टेकतायत. तिथे व पाहिजे."

"चालती हो?"

"त्यात कुठे व आहे?"

"मग तिला दात टेकू नको म्हणावं."

ठकूने कागदावर दोनचार शब्द लिहिले, खोडले. मग माइकचं बटण दाबून म्हणाली, "आपण निघावं, असं असतं ना, त्यातलं नुसतं 'निघावं' म्हणून बघा. रागाने नको. मान देऊन हाकलायचं."

नटी म्हणाली, "निघावं." साउंडवाल्याने पुन्हा चित्र लावलं. मालकीण शुद्ध मराठीत मोलकरणीला हाकलत होती.

त्याच भागात तो शब्द आणखी पाचसहा वेळा आला होता. स्वयंपाकी रजेवर होता, तिथे तो रजा झाला. पाहुण्याने टेबलावर किल्ली ठेवली, तिथे ठेवणं. वेटरला कोणी म्हणालं, राहू दे. मालकिणीला नवऱ्याने सोडलं होतं, का टाकलं होतं, का तो नुसता निघून गेला होता, ते इंग्रजीत कोणी उलगडून सांगितलेलंच नव्हतं. ठकूला मात्र काहीतरी एक लिहायलाच लागणार होतं.

"साहेबाने एका शब्दात अख्खा संसार उरकलाय," साउंडवाला म्हणाला.

"आपले एका संसारात सगळे शब्द वापरून झालेत," नटी म्हणाली. तिचा तेव्हा दुसरा घटस्फोट चालू होता.

जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शनवरच्या मुलीने ठकूला गाठलं. "मॅडम, एका बाईचा फोन होता. इंग्रजीत. सारखं तुमचं नाव घेत होती. मी सांगितलं, तुम्ही लीव्हवर आहात."

"अगं, मी इथेच आहे की."

"हो, पण मला तेवढंच इंग्रजी येतं."

नंबर मात्र तिने घेऊन ठेवला होता. बाहेरच्या देशातला होता.

ठकू वडील आणि आत्याबरोबर राहायची. वडिलांचं चष्म्यांचं दुकान होतं. आता ते बंद करून त्यांनी घरातच खिडकीशी एक टेबल मांडलं होतं. शेजारपाजारचे लोक ढिल्या दांड्या, पडलेले स्क्रू घेऊन यायचे. दुकानातला अक्षरांचा तक्ताही घरी आला होता, दाराच्या मागे टांगलेला. वडिलांना इंग्रजी अक्षरं सगळी यायची, कितीही बारीक असली तरी. अक्षरांचा शब्द झाला की मात्र वडिलांचा संबंध संपायचा.

आत्या वडिलांची धाकटी बहीण. तिने ठकूला वाढवलं. घरातलं बोलणं बहुतेक तीच करायची, बाकीचे दोघं ऐकायचे.

आईचा विषय घरात नव्हता. ठकू पाच वर्षांची असताना ते तिघं या गावात राहायला आले. कोणी विचारलं तर वडील म्हणत, "बायको गेली." ऐकणारा चुकचुकायचा, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा. मराठीत गेली म्हटल्यावर कुठे गेली असं कोणी विचारत नाही. वडील खोटं बोलले नव्हते. समोरच्याने जे समजून घेतलं ते त्यांनी तसंच राहू दिलं, इतकंच. ठकूलाही बरीच वर्षं आई वारली असंच वाटत होतं. मग एकदा शाळेतून आल्यावर ती कुठल्याशा हट्टावरून म्हणाली, आई असती तर तिने दिलं असतं. आत्या पोळलेल्या हाताने वैतागलेली होती. "असती काय, आहे! मेली नाही ती. टाकून गेलीय तुला." बोलून गेली आणि मग तिनेच जीभ चावली. पण तीर सुटला होता. ठकूने त्यावर काही विचारलं नाही. पुढे कधी आत्याचा तोल गेला की तो शब्द पुन्हा यायचा, टाकून. ठकूने तो आपल्या नावासारखा वागवला. आवडता नव्हता, पण दुसराही नव्हता.

संध्याकाळी घरी जाण्याआधी तिने जिन्यात उभं राहून त्या नंबरवर फोन केला. पलीकडचा आवाज तरुण आणि भलताच मोठा होता. ठकूला फोन कानापासून लांब धरावा लागला. ती मुलगी नंतर म्हणाली की ती पोहायला शिकवते, दिवसभर तलावाच्या या काठावरून त्या काठावर ओरडून घसा तसाच झालाय. तिने आधी खात्री करून घेतली, की मालिकेच्या शेवटी संवादलेखिका म्हणून जे नाव येतं ते हेच ना. मग म्हणाली, 'अवर मदर'.

मराठीत ठकूला आमची का आपली ते ठरवावं लागलं असतं. इंग्रजीत दोघींनाही काही ठरवावं लागलं नाही.

"मला सुट्टी आहे," ती मुलगी म्हणाली. "मी तिकडे येऊ शकते. काही सांगायचं आहे, पण फोनवर नको."

ठकू हो म्हणाली. काय सांगायचं असेल ते तिला साधारण कळलं होतं.

घरात तिने जेवताना सांगितलं. वडिलांनी घास हातातच धरला. आत्या म्हणाली, "तिची मुलगी? म्हणजे तिला दुसरी झाली?"

"झाली."

"केवढी आहे?"

"तिशीची असेल."

आत्याने मनात काही हिशेब केला आणि ताटाकडे बघत म्हणाली, "येऊ दे. खाते काय ते विचारून ठेव."

रविवारी दुपारी पाहुणी आली. उंच, खांदे रुंद, क्लोरीनने पिवळट झालेले केस. दारातच तिने आत्याकडे बघून हात पुढे केला आणि म्हणाली, "बस!"

आत्या उभी होती ती बसलीच.

मग खुलासा झाला. पाहुणीला मराठी यायचं नाही, पण आईच्या तोंडचे काही शब्द तिला पाठ होते. बस, ऊठ, जेव, झोप, पुरे, हात धू. लहान मुलाला जेवढे हुकूम सोडतात तेवढे. एरवी आई तिच्याशी इंग्रजीच बोलायची. पाहुणीला वाटायचं, मराठी ही भाषाच अशी आहे, नुसते हुकूम.

"बरोबरच आहे तिचं," वडील हळूच म्हणाले. आत्याने त्यांच्याकडे बघितलं.

चहा झाला. पाहुणीने कप खाली ठेवला, गुडघ्यांवर हात घेतले आणि ठकूकडे बघून बोलली. आई गेल्या हिवाळ्यात वारली. फुप्फुसाचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत.

खोलीत सगळे ठकूच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालणाऱ्या बाईने ऐन वेळी हाताला जो लागला तो शब्द उचलला.

"बाबा, आई गेली."

"ते जुनंच आहे," वडील म्हणाले. "पुढे काय म्हणतेय?"

"तसं नाही. वारली. गेल्या हिवाळ्यात."

वडिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, जे ते गिऱ्हाइकांना कधी करू द्यायचे नाहीत. आत्या उठून आत गेली, नळ सोडल्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन बसली. कोणी रडलं नाही. पाहुणी बहुधा रडण्याच्या तयारीने आली होती. ती गोंधळून एकेकाकडे बघत राहिली.

मग तीच बोलायला लागली. आई स्वभावाने तापट होती, पत्ते खेळण्यात पटाईत, आणि हरली की दोन दिवस बोलायची नाही. शेवटची काही वर्षं तिला एक नाद लागला होता. मालिका इंग्रजीतली असली तरी ती मराठीतून लावायची. पाहुणी म्हणायची, अगं, तुला इंग्रजी छान कळतं, मग हे कशाला? आई बघत राहायची. शेवटी नावं सरकायला लागली की उठून टीव्हीजवळ जायची, कारण ती अक्षरं फार बारीक असतात.

"आणि टीव्हीशी भांडायची," पाहुणी हसून म्हणाली. मग तिने मान एका बाजूला टाकली, तळहात उलटा केला आणि अर्थ माहीत नसलेलं वाक्य सुरासकट म्हणून दाखवलं, "असं कुणी बोलतं का?"

वडिलांचा पुसणारा हात थांबला. त्या वाक्याला लागणारा तो खालून वर चढणारा हेल या घरात कोणाचाच नव्हता. ते पाहुणीकडे बघत राहिले, मग खिडकीकडे.

"माझ्या संवादांना म्हणायची?" ठकूने विचारलं.

"रोज. म्हणायची, ही मुलगी सगळ्यांना फार नीट बोलायला लावते."

ठकूला आश्चर्य वाटलं ते याचं, की तिला राग आला. व्यावसायिक राग. ओठ जुळवायचे म्हणजे काय असतं ते तिला माहीत होतं का, असं काहीसं तोंडापर्यंत आलं.

मग पाहुणी जरा पुढे सरकली. म्हणाली, एक गोष्ट तिला विचारायची होती, कारण आईकडून ती नीट कधी कळली नाही. आईच्या बोलण्यात दर वेळी तेच यायचं, 'आय लेफ्ट हर विथ हिम'. आणि त्याच्यापुढे लगेच, 'अँड देन दे लेफ्ट'.

"लेफ्ट?" आत्या म्हणाली. "डावीकडे कोण गेलं?"

"डावीकडे नाही गं."

"माहितेय मला. आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपमधून ती वरची भांडून लेफ्ट झाली, तसलं लेफ्ट. कोण लेफ्ट झालं?"

"तेच बघतेय," ठकू म्हणाली.

तिने ते वाक्य मनात पुन्हा वाजवून पाहिलं. रोजचं काम होतं. मी तिला त्याच्याकडे सोडलं. मी तिला त्याच्याकडे टाकलं. मी तिला त्याच्याकडे ठेवलं. तिन्ही बरोबर होती. पहिल्या दोन वाक्यांवर तिचं अख्खं वय गेलं होतं. तिसरं तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"काय म्हणते?" वडिलांनी विचारलं.

"आई म्हणायची, मी तिला त्याच्याकडे..." ठकू थांबली. "बाबा, याचे दोन अर्थ होतात."

"एकच सांग," आत्या म्हणाली. "हे काय कोर्ट आहे?"

"टाकलं म्हणायची का ठेवलं म्हणायची, ते इंग्रजीत कळत नाही."

मग वडील खिडकीकडेच बघत म्हणाले, "ठेवलं."

"काय?"

"मीच म्हणालो होतो. तिला तिकडे ऑफिसात टायपिस्टची नोकरी लागली होती. सगळे जाऊ म्हणत होती. मी म्हटलं, मी तिथे कोणाचे डोळे तपासू? तुला जायचं तर जा, पोर इथे ठेव. वर्षभराने बघू. तिने ठेवली." त्यांनी चष्मा घातला. "वर्षभरासाठी."

ठकूने आत्याकडे बघितलं. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

पाहुणी म्हणाली, "काय म्हणाले ते?"

ठकूने इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, आणि तिच्या लक्षात आलं की जे काही आत्ता उलटंपालटं झालं ते इंग्रजीत सांगताच येत नाही. "ते म्हणाले, शी लेफ्ट मी विथ हिम."

"तेच तर मी म्हटलं," पाहुणी म्हणाली.

"हो."

"आणि मग ते कुठे गेले? आई वर्षाने न्यायला आली होती. घराला कुलूप होतं. शेजाऱ्यांना काही माहीत नव्हतं. म्हणून ती म्हणायची, दे लेफ्ट."

यात दोन अर्थ नव्हते. ठकूने ते शब्दाला शब्द लावून सांगितलं. "आई वर्षाने मला न्यायला आली होती. घराला कुलूप होतं. आपण निघून गेलो होतो."

"आली होती?" वडील म्हणाले. त्यांचा आवाज एवढा बारीक झाला होता की पाहुणी, जिला काही कळत नव्हतं, तीही पुढे वाकली.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कसं असणार? इथे दुकानाला जागा मिळाली म्हणून आपण..."

"दादा," आत्या म्हणाली.

"मिळाली होती की जागा."

"मिळाली होती. पण पत्ता कोणाला द्यायचा नाही असं तू का म्हणालास, तेही सांग."

वडिलांनी चष्मा पुन्हा काढला. मग म्हणाले, "नेली असती तिने. ती येणार नाही असं मी रोज म्हणत होतो, आणि आली तर नेईल म्हणून घाबरतही होतो. दोन्ही एकाच वेळी." ते ठकूकडे न बघता बोलत होते. "नंतर कोणी काही कळवलं नाही. तेव्हा मला वाटलं, नाहीच आली. बरं झालं. मग वाटलं, बघ, आलीच नाही. आणि तिचा रागही यायला लागला."

ठकू उठली. तिला कुठे जायचं होतं असं नाही, पण तीन खोल्यांच्या घरात जेवढं लांब जाता येतं तेवढी ती गेली, म्हणजे स्वयंपाकघरात. आत्या मागोमाग आली.

"तुला हे सगळं माहीत होतं," ठकू म्हणाली.

"ठेवून गेली ते माहीत होतं. आली होती ते आत्ता कळलं."

"आणि तू मला जन्मभर टाकून म्हणत आलीस."

"पहिल्यांदा तोंडातून निसटलं." आत्याने ओट्यावरचं फडकं उचललं आणि कोरडा ओटा पुसायला लागली. "नंतर मुद्दाम म्हटलं. ठेवून गेली म्हटलं असतं, तर तू रोज दारात जाऊन बसली असतीस. ठेवलेली वस्तू माणूस न्यायला येतो. टाकलेल्या वस्तूचं तसं नसतं. ती जिथे पडते तिथली होते. मला तू इथली व्हायला हवी होतीस."

"पण ती आली होती ना, आत्या."

"हो, आली होती," आत्या म्हणाली, आणि तिचा हात ओट्यावर तसाच फिरत राहिला.

पाहुणी दाराशी येऊन उभी राहिली. घरात काहीतरी बिनसलंय एवढं तिला कळलं होतं. तिने जवळ असलेल्या शब्दांतून त्यातल्या त्यात बरा निवडला आणि आत्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पुरे."

ठकूला हसू आलं. तिला ते नको होतं, पण आलं. आत्यालाही.

पाहुणी तो आठवडा गावात होती, जवळच्या एका लॉजवर. ठकूने रजा टाकली. दोघी दिवसा फिरायच्या, आणि ठकू आईबद्दल विचारेल ते पाहुणी सांगायची. ठकूला वाटलं होतं, आई आयुष्यभर झुरली असेल. तसं काही नव्हतं. तिने दुसरं लग्न केलं, ते चांगलं चाललं, ती ऑफिसात मुख्य झाली, तिला सहलींचा शौक होता. वर्षातून एखाद्या दिवशी ती खोलीचं दार लावून बसायची, पण त्या दिवशी डोकं दुखतंय असंच सांगायची, आणि कदाचित दुखतही असेल. पाहुणीने काही सजवून सांगितलं नाही. ठकूला हे आधी लागलं, मग पटलं. झुरणाऱ्या आईपेक्षा पत्त्यांत हरल्यावर रुसणारी आई डोळ्यांपुढे आणायला सोपी होती.

घरात ती वडिलांशी बोलत नव्हती. "आत्या, बाबांना सांग चहा झालाय," असं वडील समोर बसलेले असताना म्हणायची. वडीलही, "तिला सांग, ठेव म्हणावं," असं आत्यालाच म्हणायचे. आत्या दोन दिवस निरोप्याचं काम करून कंटाळली. "मी काय तुमचं डबिंग करू?" म्हणून तिने संप पुकारला. मग दोन दिवस घरात कोणीच कोणाला चहा झाल्याचं सांगितलं नाही आणि चहा निवत राहिला.

पाहुणीचं येणं मात्र रोज होतं. एक दिवस तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचे इंग्रजी आकडे वाचताना डोळे बारीक केले. वडिलांनी ते हेरलं. त्यांनी तिला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं, दार लोटलं, मागचा तक्ता पुढे केला आणि एकेका अक्षरावर पट्टी ठेवत गेले. ती मोठ्या आवाजात वाचत होती, ते मान हलवत होते. भिंगं बदलली, पुन्हा पट्टी फिरली. दोघांना अडचण अशी आलीच नाही. शेवटच्या ओळीत तिने एक अक्षर चुकीचं वाचलं, तेव्हा वडिलांनी जिभेने च्यक् केलं, आणि तिने हात जोडून चूक कबूल केली. लांबचा थोडा नंबर निघाला. चष्मा त्यांनी स्वतः बनवून दिला, भिंगं घासायला पूर्वीच्या एका ओळखीच्या कारागिराकडे दोन फेऱ्या मारून.

तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी वडील सकाळी दूध आणायला खाली उतरले ते लवकर परत आले नाहीत. आत्या गॅलरीतून वाकून बघायला लागली. ते तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांबरोबर बाकावर बसले होते. वर आल्यावर आत्याने विचारलं, "एवढं काय बोलत होतास?"

"सांगितलं," वडील म्हणाले. "बायको वारली म्हणून. गेल्या हिवाळ्यात."

"अरे, त्यांना वाटतं ती कधीच..."

"तेही सांगितलं."

संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं. काही जण भेटायला आले. काय बोलावं ते कोणालाच धड कळत नव्हतं. याच माणसाचं याच बायकोबद्दल त्यांनी एकदा सांत्वन करून ठेवलं होतं. वरची, ती ग्रुपमधून लेफ्ट झालेली, खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "वाईट झालं. दोन्ही वेळेला." वडील म्हणाले, "हो." पाहुणीने येईल त्याला "बस" म्हटलं आणि जाईल त्याला "जेव" म्हटलं.

सगळे गेल्यावर वडील खिडकीशी बसले होते. दिवा लावला नव्हता. ठकू तिथे गेली आणि तिने दिवा लावला.

"मी पत्ता ठेवायला पाहिजे होता," वडील म्हणाले.

"पाहिजे होता," ठकू म्हणाली.

दोघं एवढंच बोलले. तिने माफ केलं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः हाक मारून सांगितलं, "बाबा, चहा झालाय," आणि त्यानंतर आत्याला मध्ये पडावं लागलं नाही. कधीमधी, दुसऱ्याच कुठल्या गोष्टीवरून बोलताना, तिचा आवाज अचानक चढायचा. वडिलांना कारण कळायचं आणि ते ऐकून घ्यायचे.

पाहुणीला सोडायला ठकू एकटीच गेली. परत आल्यावर आत्याने विचारलं, "रडली का?"

"नाही. मोठ्याने बोलली."

आता ती दर रविवारी फोन करते. सुरुवातीला ठकू फोन मध्ये धरून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगायची. मग आत्याने एकदा तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि सरळ विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून ओरडून उत्तर आलं, "जेव!" आत्या म्हणाली, "जेव नाही, जेवले म्हण. जे-व-ले." पाहुणीने म्हटलं. आत्याने पुन्हा म्हणायला लावलं. काय जेवली ते मात्र इंग्रजीतच आलं, आणि आत्याला कळलं नाही, तरी तिने, "एवढंच? असं कसं चालेल?" असं विचारून घेतलं. वडील शेजारी बसून माझ्याकडे दे, माझ्याकडे दे, अशी खूण करत असतात आणि फोन मिळाला की काही बोलत नाहीत, नुसते ऐकतात.

पंधरावीस मिनिटं हे चालतं. ठकूची गरज पडत नाही. तेवढ्या वेळात ती गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालते.